शालिकरामजींची दिल्ली

या माय-बापहो, जरा जवळ सरकून बसा. कथा देवाची नाही, पण देवानंही ऐकावी अशी आहे.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची. मजुरांच्या छावणीत पिण्याच्या पाण्याचा नळ मागायला धोंडबा नावाच्या मजुरानं बाकीचे जमवले, तसा तो आमदार शालिकरामजींच्या डोळ्यांत खुपला. त्यांनी ठेकेदाराला सांगून त्याला मुकादमाची बढती दिली आणि दूर राजहऱ्याच्या खाणीवर धाडलं. वर पाठ थोपटली, "मोठा झाला ना बे तू आता!" धोंडबा तिथंच तापानं गेला. बायको रुक्मा पोहोचली तेव्हा राख निवली होती.

पुढं लोकसभेची निवडणूक आली. म्हातारी आई, घरदार सोडून दिल्लीला जायला शालिकरामजींचं मन घेईना. रुक्माच त्यांच्या ओट्यावर गेली. "आमाले दिल्लीत आपला माणूस पाहिजे, भाऊ." छावणीतल्या बायका घेऊन ती दारोदार फिरली. शालिकरामजी खासदार झाले.

निघताना स्टेशनवर त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. "रुक्माबाई, धोंडबाचं सारं विसरून माह्यासाठी एवढी राबली तू!"

रुक्मानं त्यांना हार घातला. "विसरली कोठं, भाऊ? तुमची बढती मी केली. परक्या गावात ताप चढते अन् कपाळावर हात ठेवाले घरचं कोणी नसते, ते एकदा पाहून घ्या."

माय-बापहो, उद्या देवापुढं हात जोडाल तेव्हा धोंडबाचंही नाव घ्या. रुक्माही गेली, ते घेणारं आता कोणी उरलं नाही.