कुणीही, कशासाठीही

पासली गावच्या खाचरात भात लावताना मान वर करून हसणारे गेनबा, हा फोटो मी काढलेला. भोरला माझा फोटो स्टुडिओ आहे. पुण्याच्या एका मुलीनं तो इंटरनेटवरच्या मुक्त चित्रसंग्रहासाठी मागितला, तेव्हा मी आधी गेनबांना विचारलं. "द्या की झुल्फिकारभाई. फोटूनं माजं काय झिजतंय?" मग मी मेलवर लिहून दिलं, की हा फोटो कुणीही, कशासाठीही, धंद्यासाठीसुद्धा, फक्त माझं नाव देऊन वापरावा आणि ही परवानगी मागे घेता येणार नाही. दोन वर्षांनी गेनबा वारले. काल त्यांच्या पत्नी ठकुबाई स्टुडिओत आल्या आणि मला एसटीनं कापूरहोळला घेऊन गेल्या. तिथल्या ढाब्याच्या दारात तांदळाचं रिकामं पोतं पाय पुसायला अंथरलं होतं. त्यावर चपलांच्या चिखलाखाली गेनबा हसत होते. "कंपनीला सांगा, माज्या मालकाचा फोटू पोत्यावरनं काढा म्हनावं." मी तिथूनच पोत्यावरचा नंबर लावला. पलीकडचा माणूस अदबीनं बोलला, "फोटो मुक्त परवान्याचा आहे, साहेब. अटीप्रमाणे खाली तुमचं नावही छापलंय." मी बोटानं चिखल खरवडला. बारीक अक्षरात नाव होतं. "मावशी, म्याच लिहून दिलंय. आता न्हाई काढता येत." ढाबेवाल्यानं ओशाळून पोतं देऊन टाकलं. पदरानं गेनबांचं तोंड पुसत ठकुबाईंनी विचारलं, "आन बाकीची कुठं कुठं अंथरली असतील वो?"