तुम्ही आणि तू

झाग्रेबच्या आपल्या स्वयंपाकघरात मिर्ना एका इंग्रजी सिनेमाची क्रोएशियन सबटायटल्स लिहीत होती. नवरा व्येको कॉफी घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागला.

"ही बाई त्या डॉक्टरला मघापर्यंत 'तुम्ही' म्हणत होती. आता एकदम 'तू'? इंग्रजीत तर दोन्हीकडे 'यू'च आहे."

"इंग्रजांचं भागतं रे, आपल्याला ठरवावं लागतं. मध्ये त्यांनी एकमेकांना मिठीत घेतलंय. त्यानंतर कोण 'तुम्ही' म्हणतं?"

"आणि ते सिनेमात दाखवलंच नाही तर?"

"तर 'तू' वाचून प्रेक्षक समजून घेतो."

तेवढ्यात तिच्या संपादकांचा, पेरकोविचसाहेबांचा फोन आला. त्यांच्याशी ती नेहमी अदबीने बोलायची. जरा जास्तच अदबीने, असं व्येकोला अलीकडे वाटायला लागलं होतं.

"हो, संध्याकाळी पाठवते," स्क्रीनवरची नजर न काढता मिर्ना म्हणाली. "तू जेवलास का?"

मग तिने व्येकोकडे पाहिलं.

"म्हणजे... तुम्ही जेवलात का, साहेब?"

व्येकोने कॉफीचा कप तिच्यापुढे ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "प्रेक्षकाला समजलं."