ठणठणीत

फुटबॉल क्लबच्या स्ट्रायकरला दुसऱ्या क्लबमध्ये जायचं होतं, पण कराराची तीन वर्षं बाकी होती. मालकांनी साफ नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा गुडघा दुखू लागला. एक्स-रेमध्ये काहीच निघालं नाही, तेव्हा क्लबच्या डॉक्टरबाईंची खात्रीच पटली, हे शुद्ध सोंग!

"कुणाला बनवतोस रे?" त्या रोज सुनवायच्या. तो लंगडत निघून जायचा.

महिन्याभरात मालकच वैतागले. "जाऊ दे ती ब्याद!" म्हणाले.

नव्या क्लबसाठी फिटनेसचा दाखला घ्यायला तो आला आणि तपासणीच्या टेबलावर बसला. "मॅडम, गुडघा आता एकदम ठणठणीत!"

"वाटलंच होतं मला," म्हणत बाईंनी दाखल्यावर सही ठोकली.



तो हसत हसत टेबलावरून उतरला, आणि पाय जमिनीला टेकताच त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.