जुळलेला अंगठा

रेशन दुकानातल्या मशीनवर मी पुन्हा अंगठा टेकवला. पुन्हा लाल दिवा लागला.

"तात्या, आज शेवटचा दिवस. जुळला नाही तर कार्डावरून नाव जाईल," दुकानदार म्हणाला.

"तात्यांची देवाघरी हजेरी लागली वाटतं!" रांगेतून कोणीतरी हसलं.

माझी बायको हौसा गेल्यापासून भाकऱ्या मीच थापतो, राखेने भांडी मीच घासतो. अंगठा तिच्या अंगठ्यासारखाच झिजलाय. मी तो धोतराला पुसून परत टेकवला.

हिरवा दिवा लागला. "हौसाबाई, ओळख पटली," मशीन बोललं.

दुकानदार चरकला. "काकूंचं नाव तर मीच कापलं होतं." त्याने मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. तिच्या नावाखाली माझं नाव होतं आणि त्यापुढे 'मयत'.

दुकानदाराने गहू मापून पिशवी माझ्या हातात दिली आणि नजर न उचलता म्हणाला, "सावकाश जा, काकू."