मला अजिबात घाई नाही

"बाबा, छान बोललात. आता तेच थोडक्यात बोला," मुलगी म्हणाली आणि तिने माइक पुन्हा त्यांच्या हनुवटीखाली सरकवला.

बाबांनी मान डोलावली. वेताच्या खुर्च्या विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि थोडक्यात विणलेल्या खुर्चीवर कोणी बसलं तर काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हा पॉडकास्ट होता, खुर्ची नव्हती.

पॉडकास्टचं नाव 'ऐकून घेऊ या'. वडीलधाऱ्यांचं म्हणणं शांतपणे कसं ऐकावं, हे ती त्यात दर आठवड्याला समजावून सांगायची. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं : 'बोला, मला अजिबात घाई नाही.' हे ती इतक्या मायेने म्हणायची की लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. लोक तसं कळवायचेही. आजचा विषय होता, ज्येष्ठांना पॉडकास्ट का आवडतात. बोलावलेले ज्येष्ठ ऐन वेळी आजारी पडले, तेव्हा तिला आठवलं की आपल्याकडे घरचाच एक आहे.

"हं, सांगा. का आवडतं ऐकायला?"

"त्याचं असं आहे ठमे..."

"बाबा, ठमे नको. लोक ऐकतात."

"बरं. त्याचं असं आहे मॅडम..." म्हणत बाबांनी बादलीतली भिजलेली वेताची पट्टी उचलली आणि समोरच्या अर्धवट खुर्चीत ओवली. वेत करकरला.

"ते राहू द्या ना आता. सगळं रेकॉर्ड होतंय."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. पण हात थांबले की त्यांचं तोंडही थांबायचं. दोन्ही एकाच मोटरवर चालायची. ते रिकाम्या हातांकडे बघत बसले. मुलगी घड्याळाकडे.

"मी सुचवू?" ती म्हणाली. "डोळ्यांना ताण नाही. काम करता करता ऐकता येतं. नवीन काही कळतं. सोबत होते. यातलं कुठलं?"

"सगळंच खरं आहे. तुला कुठलं हवंय?"

"बाबा!"

"मग सोबत घे. ते बरं दिसेल."

तिने सोबत घेतली. तरी भाग भरेना. "असं करू, तुम्ही जे ऐकता ते जरा लावा. नुसता आवाज हवाय, मागे टाकायला."

"आत्ता? आत्ता नको. चार्ज नाहीये."

फोन वेताच्या जुडीमागे प्लगला लावलेला होता आणि पोट भरून बसला होता. तिने तो काढला, आणि बाबा नको नको म्हणेपर्यंत बटण दाबलंसुद्धा.

आतून एक बाई बोलायला लागली. नुकतीच भूल उतरत असल्यासारखी, एकेक अक्षर ओढत. मुलीला हसू आलं. वाक्य पुरं होईपर्यंतच आलं.

"बो...ला... म...ला... अ...जि...बा...त... घा...ई... ना...ही..."

"अय्या, हे तर माझंच! तुम्ही माझं ऐकता? कधी बोलला नाहीत ते."

"फोनवर सांगणार होतो. पण तोवर तू ठेवतेस."

"आणि बिघडलाय हा तुमचा फोन. वेग निम्म्यावर आलाय. थांबा, नीट करून देते."

"राहू दे!" बाबा इतक्या झटक्यात उठले की बादली कलंडली. "राहू दे गं. एकदा अंगठा चुकून कुठे तरी पडला आणि तसं झालं. मग मी तसंच ठेवलं. तू बदललंस तर मला परत जमायचं नाही."

"अहो, पण हे असं काय ऐकता? म्हैस बोलतेय असं वाटतं."

बाबा ओशाळले. डॉक्टरांनी बंद केलेलं काही खाताना पकडले गेल्यासारखे. ओली पट्टी उचलून त्यांनी ती बोटांभोवती गुंडाळली, तेव्हा कुठे त्यांना शब्द सुचले.

"तू फार भरभर बोलतेस ठमे. फोनवर तर काय, जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. यातही बघता बघता संपतेस. अशी लावली की जास्त वेळ पुरतेस."

बादलीतलं पाणी तिच्या पायांपर्यंत आलं. तिने पाय उचलले नाहीत.

बाबांचं लक्ष माइककडे गेलं. त्याचा लाल दिवा चालूच होता. ते तिच्याहून जास्त शरमले. माइकसमोर हात आडवा धरून हळूच म्हणाले, "एवढं मात्र काढून टाक हं. लोक नावं ठेवतील तुला."

तिला मान वर करवेना. हातातल्या फोनमधली बाई अजून पहिल्याच प्रश्नापाशी रेंगाळत होती.

"क...से... आ...हा...त... तु...म्ही...?" असं विचारून ती थांबली.

"बरा आहे गं," बाबा सवयीने म्हणाले. आणि मुलीकडे बघून त्यांनी जीभ चावली.