मागितलेला धक्का

"तुम्ही धक्का मागितला," राजदूतसाहेब म्हणाले. "आमच्या देशाने सहा महिने विचार केला, की या बेटाच्या विकासाला धक्का कसा द्यावा. त्यातून हे सभागृह निघाले."

दवाखान्याच्या ओसरीवर नकाशा पसरला होता. चारशे खुर्च्या, काचेचे दरवाजे, पुढे कारंजं. बेटावर माणसं होती तीनशे बारा, तीही तान्ह्या बाळांसकट.

नर्सबाईंना हसावं की रडावं कळेना. अर्ज त्यांनीच लिहिला होता, एका ओळीचा: 'आमच्या बेटाला धक्का हवा, तोही लवकर.' एवढ्याशा ओळीत चुकायला जागा कुठे होती? पण राजदूतसाहेब इथली भाषा पुस्तकातून शिकले होते, आणि त्या पुस्तकात धक्का म्हणजे ढकलणं, एवढंच होतं. दुभाष्या आणणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"साहेब, धक्का म्हणजे बोट लागायचा धक्का," त्या म्हणाल्या. "दगडी. अडलेली बाळंतीण पलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायची तर बोटीपर्यंत पोचवायला हवी ना."

"परंतु आमची बोट थेट वाळूला लागली. माझे बूटसुद्धा भिजले नाहीत." साहेबांनी पाय पुढे करून दाखवले. बूट खरोखरच आरशासारखे चकचकीत होते.

"वहिनी," बेटाचे प्रमुख कानाशी कुजबुजले. ते नर्सबाईंचे धाकटे दीर. "फुकटच्या गायीचे दात मोजायचे नसतात."

"दूध देणार असेल तर नाही मोजणार, भावोजी."

साहेबांनी सभागृहाचा करार पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. नर्सबाईंनी समुद्राकडे पाहिलं. मोठे पाहुणे येत ते भरतीची वेळ विचारून, आणि भरती असतानाच परतत. भरतीला आलेल्या माणसाला बेट नेहमीच सुखी दिसतं.

"सही काय, होईलच," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आधी मुलांचं स्वागतगीत ऐका. महिनाभर बसवलंय त्यांनी."

गाणं बसवणारी शाळेतली बाई म्हणजे नर्सबाईंची लेक. तिला तिसरा महिना लागला होता. आईने भुवई उचलली, लेकीला सगळं समजलं. गाण्याला कडवी चार. त्या दिवशी अकरा झाली. शेवटची तिने उभ्या उभ्या रचली, आणि त्यातल्या एकात साहेबांच्या मिशांचंही कौतुक होतं. मग चहा झाला. मग नर्सबाईंनी साहेबांचा रक्तदाब तपासला, तोंड गंभीर केलं आणि त्यांना तासभर आडवं पडायला लावलं. रक्तदाब अगदी ठणठणीत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्या रोग्याशी खोटं बोलल्या, आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

साहेब डुलकी काढून उठले तेव्हा समुद्र पार दूर गेला होता. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत नुसता चिखल आणि काळे खडक. बोट तिकडे उभी राहून भोंगा वाजवत होती.

बेटावरच्या चौघांनी खुर्ची आणली. साधी लाकडी खुर्ची, दोन बाजूंना दोन वासे बांधलेले.

"बूट काढा साहेब, आणि घट्ट धरून बसा," नर्सबाई म्हणाल्या.

चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. चिखल गुडघ्याला आला, पुढे पाणी कमरेला लागलं. खुर्ची एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. साहेबांनी बूट पोटाशी धरले होते. सभागृहाचा नकाशा आणि सहीवाचून राहिलेला करार यांची गुंडाळी त्यांनी दातांत पकडली होती. नर्सबाई पदर खोचून शेजारून चालत होत्या, मागून दीर येत होते.

"या खुर्चीत कोण बसते?" साहेबांनी गुंडाळी काखेत घेत विचारलं.

"बाळंतिणी. गेल्या वर्षी या पुढच्याचा पाय घसरला. बाई वाचली, बाळही वाचलं. माझी झोप मात्र तेव्हापासून गेलीय." त्यांनी मागे बोट केलं. लेक किनाऱ्यावर मुलांना घेऊन उभी होती. "आणखी सहा महिन्यांनी ती बसेल."

साहेबांनी पुढे बोटीकडे पाहिलं, मग मान वळवून किनाऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

बोटीचा काठ उंच होता. वरून दोघांनी हात ओढले, खालून चौघांनी रेटलं, तरी साहेब मध्येच लोंबकळले. शेवटी नर्सबाईंनी खांदा लावला आणि साहेब धपकन आत पडले.

"हा तुमच्या पुस्तकातला धक्का," त्या खालून म्हणाल्या. "हा आम्ही दिला. आता आमचा तुम्ही द्या."

दीर पाण्यातच थिजले. मग बोटीतून हसू फुटलं, चांगलं पोट धरून, आणि ते साहेबांचंच होतं. त्यांनी सभागृहाचा नकाशा उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर किनाऱ्यापासून थेट बोटीपर्यंत एक जाड रेघ ओढली आणि कागद उंच धरून ती सगळ्यांना दाखवली. किनाऱ्यावर मुलांनी बारावं कडवं सुरू केलं.

बोट वळली तेव्हा दिरांच्या लक्षात आलं. "साहेब, तुमचे बूट! खुर्चीवरच राहिले!"

"राहू द्या," साहेब ओरडले. "पुढच्या वेळी धक्क्यावरून चालत येणार आहे. तेव्हा घालीन."

नर्सबाईंनी ते बूट पुसले, औषधांच्या कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं.