अर्धी ओवी

नवऱ्याला निजामाच्या कचेरीत चपराशाची नोकरी लागली, तशी भिवराबाई घाटनांदूर सोडून बीडला राहायला आली. शेजारच्या बायनाबाईनं पहिल्याच दिवशी शहराच्या चालीरीती सांगितल्या.

"प्यायला नदीतल्या झऱ्याचं पानी आना, आडाचं मचूळ हाय. बाजारात भाव लई पाडून मागा. अन् ह्या भिंतीपल्याडच्या घराला कुलूप हाय, तरी दुपारचं तितं जातं फिरतं. बाई अर्धीच ओवी म्हनती. तुमी ती पुरी करू नका."

"कावून?"

बायनाबाईनं घागर उचलली आणि चालती झाली.

दुपारी भिंतीपलीकडं जातं घरघरलं. "माहेराच्या वाटेवर, धूळ कुनाची उडली..." एवढं म्हणून आवाज थांबला. मग पुन्हा तेच. रोज तेच. भिवराबाई अंगणात जाऊन बसायची, तरी ती ओवी घास अडकावा तशी घशाशी राहायची.

एकदा ती स्वतः दळायला बसली आणि दळणाच्या नादात तोंडून निघून गेलं, "बंधू न्यायाला गं आला, गाडी दाराशी थांबली."

पलीकडचं जातं थांबलं. कुणीतरी मोकळा श्वास सोडला.

भिवराबाई उठायला गेली, पण जात्याचा खुंटा हातातून सुटेना. आत्ताच म्हटलेली ओळही आठवेना.

मग दुपार सरेचना.

कधीतरी बाहेर बायनाबाईचा आवाज आला. गल्लीत नव्यानं आलेल्या कुणाला तरी ती सांगत होती, "ह्या घराला कुलूप हाय बरं का..."

भिवराबाईनं आवाज चढवला. "माहेराच्या वाटेवर, धूळ कुनाची उडली..."

आणि खुंटा धरल्या हातानंच भिंतीकडं कान दिला.